शेंगांसकट वजन

अवरेकाई आली की बेंगळुरूला आमच्या चामराजपेटेतल्या सगळ्या बायकांच्या हातांना एकच वास येतो. या शेंगेच्या सालीला एक तेलकट, उग्र, हिरवा वास असतो, इकडे त्याला सोगडू म्हणतात. तो साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं कुणाला वाटतही नाही. डिसेंबरात देवळात तीर्थाची पळी पुढे आली तरी आधी तोच वास येतो. पुण्या-नागपूरकडचे लोक शेंग हातात घेतात आणि म्हणतात, "हे तर आपले पावटे!" म्हणू देत बिचारे.

यंदाही आल्या. परवा मी दोन किलो घेतल्या आणि दारात खुर्ची टाकून सोलत बसले. शेंगा सोलायच्या, दाणे भिजत घालायचे, मग एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतला गुळगुळीत दाणा सटकन उडतो, कधी पातेल्यात, कधी शेजारणीच्या चहात. पूर्वी माझा नेम चांगला होता. आता निवृत्त झाले, हात स्वल्प कापतो, आणि शेजारीण चहाचा कप लांब धरून बसते.

दाणे उडवता उडवता दरवर्षी मला एक पोर आठवते. खरं तर पोरीचं वजन आठवतं. मी नर्स होते ना, मला माणसं आधी वजनाने आठवतात, मग नावाने. आमच्या नात्यात कुणाचं लग्न निघालं की मी म्हणते, "अगं, ही म्हणजे पावणेतीन किलोवाली ना?" नवरी लाजते आणि तिची सासू माझ्याकडे संशयाने बघते.

आमची घराणी तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आली, कुठल्याशा कामाला, ते काम काय होतं हे आता कुणालाच ठाऊक नाही, पण परत गेलो नाही हे नक्की. भावाला अण्णा म्हणतो, बहिणीला अक्का, आणि तरी स्वप्नं मराठीत पडतात. माझी सगळी नोकरी मात्र कानडीत, तमिळमध्ये, उर्दूत झाली. "जोर लगाओ" हे मी पाच भाषांत म्हणू शकते. मराठीत म्हणायची वेळ फारशी आली नव्हती. शेवटची काही वर्षं मी महादेवपुऱ्याच्या बाजूला एका लहानशा प्रसूतिगृहात होते, आणि तिथे हे नवे मराठी लोक भेटायला लागले, कॉम्प्युटरवाले. माझं काम होतं घरी जाऊन बघण्याचं. बाळंतीण घरी गेली की तिच्या मागोमाग जायचं, टाके बघायचे, दूध उतरलंय का बघायचं, बाळ तोलायचं, आणि घरातल्या मोठ्या माणसांचं ऐकून घ्यायचं. हे शेवटचं काम कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण निम्मा वेळ त्यातच जातो.

अशाच एका डिसेंबरात प्राची बाळंत झाली. नागपूरची मुलगी, नवरा निखिल तोही नागपूरचा, दोघं एकाच आयटी पार्कात. मुलगी झाली, दोन किलो चारशे. लहानखुरी, पण ठणठणीत. पाचव्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी निघाले. खांद्याला वजनकाटा, पिशवीत वही, आणि दुसऱ्या पिशवीत अवरेकाई, कारण वाटेत ताज्या दिसल्या आणि मला राहवलं नाही.

पोचले तर ती वीस मजली इमारत सगळीच्या सगळी खाली उतरलेली. घंटा ठणाणा वाजतेय, माणसं अर्ध्या चड्डीत, कुणी लॅपटॉप छातीशी धरून, कुणी कुत्र्याला. रखवालदार शिट्टी फुंकतोय. आग, आग. धूर मात्र कुठेच दिसेना. माझ्या शेजारी नऊवारी नव्हे पण तितक्याच ठसक्यात पाचवारी नेसून एक बाई उभ्या होत्या, साठीच्या आसपास, हातांवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. वर बघत, हळहळत म्हणाल्या, "कोणाकडे आग लागून राहिली बाप्पा? लोकांना काही काळजीच नाही!"

मला त्यांच्या पदराला ओव्याचा वास आला. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. मी नाक वर करून पुन्हा एकदा घेतला वास, शंकाच नको.

मी हळूच विचारलं, "धुरी दिलीत ना?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. या शहरात कुणी मराठीत पकडेल अशी त्यांची कल्पनाच नव्हती. "हळू बोला ना," त्या म्हणाल्या. "जावयाला माहीत नाही."

या प्राचीच्या आई, शकुंतलाबाई. नागपूरहून येताना त्यांनी आख्खं बाळंतपण बांधून आणलं होतं. डिंकाचे लाडू, अळीव, शेगडी, सहाणेवर उगाळायची गुटी, आणि बाळाला पाजायचं चांदीचं बोंडलं, त्याला चोच असते ना, तसलं. वर घरात गेल्यावर मी काटा लावला, बाळ उघडं केलं, तोललं. दोन किलो दोनशे. पहिल्या आठवड्यात एवढं उतरतंच, पुढे चढतं. हे मी प्राचीला समजावलं. मग शकुंतलाबाईंकडे वळले आणि माझा पाठ सुरू केला. धुरी बंद. गुटी बंद. मध बंद. पाणी बंद. बोंडलं बंद. सहा महिने फक्त आईचं दूध.

"सगळंच बंद, तर मी नागपूरहून आली कशाला?" त्या म्हणाल्या. मी सरी म्हणून मान हलवली, म्हणजे ठीक आहे. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हाला किती मुलं?"

"एकही नाही."

"मग तुम्हाला काय कळतं!"

लागलं मला ते. हजारो बाळंतपणं केली असतील, पण हा प्रश्न आजही मला चुकलेला नाही. मी आवाज चढवून म्हणाले, "आजीबाई, मला बाळंच कळतात." यावर त्यांना 'बाळंच कळतात' हे लागलं नाही, 'आजीबाई' लागलं. "आजीबाई काय म्हणता? तुमच्याच वयाची असेन मी!" तिथे आमचं पहिलं भांडण झालं. निखिल बिचारा मध्ये उभा राहून "मॅडम, आई, आई, मॅडम" करत होता. जाताना मी अवरेकाईची पिशवी त्यांच्या ओट्यावर आपटली आणि म्हटलं, "हे तुमच्यासाठी. बाळंतिणीला देऊ नका, वातूळ आहे." भांडले म्हणून काय झालं, आणलेलं परत नेतात का?

एक कबूल करते. परतीच्या बसमध्ये माझा राग कधीच उतरला होता आणि मी हसत होते. किती वर्षांनी मी कामावर मराठीत भांडले होते! भांडण मातृभाषेत झालं की जेवण झाल्यासारखं वाटतं.

बाराव्या दिवशी त्यांनी घरातच बारसं केलं, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझा फेरा होता. दार उघडलं ते शकुंतलाबाईंनी, आणि या वेळी चक्क हसून. "या विमलाताई, बसा. आधी खा, मग काय ते तोला." ताई! मी विरघळलेच. समोर बशी आली. बारशाच्या घुगऱ्या. आमच्याकडे हरभऱ्याच्या करतात, त्यांच्याकडेही तशाच, पण त्यांनी मी दिलेल्या अवरेच्या केल्या होत्या, वर खोबरं आणि कोथिंबीर. पोरीचं नाव रेवा ठेवलं होतं. नागपूरहून आत्या, मावशा, एक चुलत आजी असा लवाजमा येऊन गेला होता. तो सगळा वृत्तांत मी तोंड भरलेलं असताना ऐकला. कुणाची साडी कशी होती, कोण रुसलं, पाळणा म्हणताना कुणाचा सूर कुठे गेला. मध्येच त्या म्हणाल्या, "तुमचं मराठी गोड आहे हो, पण कधी कधी कानडी हेलात दोन पायऱ्या खाली उतरल्यासारखं वाटतं." मी त्यावरही हसले. घुगऱ्या खरंच चांगल्या होत्या.

मग मी काटा लावला. शकुंतलाबाईंनी बाळ आणलं, टोपडं, झबलं, दुपटं, वरून लोकरीची शाल. मी म्हटलं, कपडे काढा. त्या म्हणाल्या, "अहो, केवढी थंडी! आत्ताच तर झोपली आहे. कपड्यांचे काय असतील ते वजा करा ना." नव्या बाळाला उघडं करून तोलायचं, हा नियम मी कामावरच्या नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवला आहे. पण पोटात घुगऱ्या, कानात मराठी, आणि बाहेर ती बोचरी बेंगळुरूची थंडी. मी म्हटलं, सरी. बाळ शालीसकट काट्यावर ठेवलं. ठेवताना आत कुठेतरी छुम् असं वाजलं. तेही ऐकलं मी. ऐकून सोडून दिलं.

काटा म्हणाला अडीच किलो. मी शालीचे आणि कपड्यांचे म्हणून शंभर ग्रॅम वजा केले आणि जाहीर केलं, "दोन चारशे! जन्माचं वजन परत आलं!" प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. निखिलने फोनवरच्या आलेखात ठिपका टाकला, तो सरळ वर गेला. त्याच्याकडे सगळ्याचे आलेख होते. डाव्या बाजूला किती मिनिटं पाजलं, उजव्या बाजूला किती, तीन रंगांत. शकुंतलाबाई म्हणाल्या, "शहाणी आहे हो पोर. रडत नाही, काही नाही. चार-चार, पाच-पाच तास झोपते." मी वहीत दोन चारशे लिहिलं, खाली रेघ मारली, आणि आणखी एक बशी घुगऱ्या खाऊन घरी गेले.

नर्सच्या हातालाही एक काटा असतो. बाळ उचललं की हात सांगतो. त्या दिवशीही माझा हात काहीतरी सांगत होता, पण मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. म्हणे अनुभवी!

बुधवारी संध्याकाळी मी अशीच दारात बसून शेंगा सोलत होते. शेजारीण चहा घेऊन आली, तिने पातेल्यात डोकावून म्हटलं, "अक्का, एवढेच दाणे? किलोभर घेतलेस ना?" मी म्हटलं, "किलो म्हणजे काय, शेंगांसकट किलो. सालं काढलीस की उरतं काय त्यात?"

एवढं बोलले आणि हातातली शेंग हातातच राहिली. छुम्. तो आवाज आत्ता कुठे कानापर्यंत पोचला. बारसं झालं होतं. आत्या आल्या होत्या, मावशा आल्या होत्या, चुलत आजी आली होती. रिकाम्या हातांनी आल्या असतील का? पायांत वाळे, हातांत बिंदल्या, कमरेला साखळी, आणि सगळं नागपूरच्या सराफाकडचं, भरीव. मी पोर तोलली नव्हती, पोर शेंगांसकट तोलली होती. "आई गं!" मी एवढ्या जोराने ओरडले की शेजारणीचा चहा खरंच सांडला.

आणि मग एकेक आठवायला लागलं. रडत नाही. पाच-पाच तास झोपते. शहाणी आहे. ज्या बाळाचं पोट भरतं ते बाळ भूक लागली की घर डोक्यावर घेतं. जे बाळ नुसतंच झोपतं ते शहाणं नसतं, त्याच्यात रडायची ताकद नसते. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाकडे मी हे ऐकलं असतं तर तिथल्या तिथे बाळ उघडं केलं असतं. मी लगेच निखिलला फोन केला. म्हटलं, "तिला आत्ताच्या आत्ता उठवून पाजा, दर दोन तासांनी उठवा, मी सकाळी येते." तो म्हणाला, "पण मॅडम, वजन तर वाढलंय ना?" मी एवढंच म्हटलं, "येते मी."

गुरुवारी सकाळी दोन बस बदलून मी तिथे. वाटेत काय काय ठरवलं होतं. शांतपणे सांगायचं, कुणाला घाबरवायचं नाही. दार उघडल्याबरोबर तोंडातून निघालं, "दागिने काढा!"

शकुंतलाबाई दोन पावलं मागे सरल्या. चोर आला असं वाटलं असेल. मग माझं म्हणणं कळल्यावर त्यांनी बाळ छातीशी घट्ट धरलं. "बारशाला घातलेलं सव्वा महिना काढत नाहीत. दृष्ट लागेल."

"ताई, दृष्ट लागली आहे. माझी लागली आहे. सोमवारी मी डोळे मिटून तोललं," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तुमची नाही, प्राचीची नाही. माझी."

मग प्राचीच उठली. आईच्या हातातून बाळ घेतलं, पलंगावर ठेवलं आणि दुपटं सोडायला लागली. वाळे निघाले. बिंदल्या निघाल्या. कमरेची साखळी निघाली, तिला पाच घुंगरू. मनगटातून आणखी एक जोड निघाला, तो चुलत आजीचा. शेवटी गळ्यातली एक बाजूबंदाएवढी ताईताची पेटी निघाली, ती कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी सगळं हातात घेऊन तोलायचं म्हटलं, तर निखिल आतून कॉफी मोजायचा काटा घेऊन आला. तो रोज सकाळी कॉफीचे दाणे एकेक ग्रॅम मोजून काढतो. त्या काट्यावर रेवाचं सगळं वैभव ठेवलं.

एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.

मग मी पोर ठेवली, उघडी. दोन किलो दोनशे वीस. अकरा दिवसांत फक्त वीस ग्रॅम. निखिलने फोन काढला, आलेखातला सोमवारचा ठिपका पुसला, आणि ती चढती रेघ आडवी झाली. प्राची म्हणाली, "म्हणजे मी तिला उपाशी ठेवलं? वजन वाढलं म्हटल्यावर मी तिला झोपू दिलं. मलाही झोप हवी होती हो, सिस्टर." आणि ती रडायला लागली, तोंडात पदर नाही, हुंदका दाबणं नाही, मोकळी.

मी आमच्या डॉक्टरबाईंकडे बाळ नेलं. त्यांनी सगळं तपासलं. ताप नाही, कावीळ नाही, दुसरं काही नाही, पोर फक्त पुरेसं पीत नाही. त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळपर्यंत बघते. वजन चढलं तर घरी. नाही चढलं तर भरती, नाकातून नळी." नळी हा शब्द ऐकून शकुंतलाबाई खालीच बसल्या. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शनिवारपर्यंत तुम्ही आमच्याकडंच या." त्यात ओरडणं नव्हतं. तेच मला जड गेलं.

ते दोन दिवस मला लख्ख आठवतात. सकाळी आणि संध्याकाळी मी त्या घरात. पहिल्यांदा प्राचीला म्हटलं, पाज, मी बघते. ती फोनवर घड्याळ लावून बसली. डावी बाजू, बारा मिनिटं. मी म्हटलं, "फोन ठेव. बारा मिनिटं ती तोंडात धरून झोपली आहे. गिळते का ते बघ." गिळण्याचा रकाना निखिलच्या तिन्ही रंगांत नव्हता. मी पोर आईच्या पोटाला पोट लावून आडवी घेतली, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबले, आणि मग एकदम जवळ आणली. पहिल्यांदाच 'क्‌, क्‌' असा गिळल्याचा आवाज आला. प्राची आश्चर्याने म्हणाली, "दुखत नाहीये!" मी म्हटलं, "दुखायचं नसतंच. कुणी सांगितलं दुखतं म्हणून?" तिने आईकडे बघितलं. आईने खिडकीकडे.

पण पोर दमत होती, अर्ध्यातच झोपायची. तळपायाला टिचक्या मारून उठवायची, पुन्हा झोपायची. म्हणजे उरलेलं दूध काढून हळूहळू पाजायला हवं होतं, आणि बाटली मला नको होती. मी जरा घसा साफ केला आणि म्हटलं, "ताई, ते तुमचं बोंडलं कुठे आहे?"

शकुंतलाबाईंचा चेहरा काय खुलला! आख्ख्या नागपूरने बेंगळुरू जिंकलं असतं तरी एवढा खुलला नसता. "बंद होतं ना ते?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "गुटीसाठी बंद. आईच्या दुधासाठी चालू. वीस मिनिटं उकळा." त्यांनी चाळीस मिनिटं उकळलं. मग मांडी घालून बसल्या, पोर कलती घेतली, आणि चोचीतून थेंब थेंब सोडायला लागल्या, एक घोट गिळेपर्यंत दुसरा नाही. एवढा धीर मी कुठल्याही वॉर्डात बघितला नव्हता. पाच दिवसांच्या बाळाच्या घरात पाऊल ठेवून सगळं बंद, बंद करत सुटले होते मी, आणि या बाईला द्यायला एक काम माझ्याकडे नव्हतं. घरातल्या माणसाच्या हातातलं काढून घेतलं की तो हात दुसरं काहीतरी करायला जाणारच. हे मला अडतीस वर्षांच्या नोकरीत त्या आठवड्यात कळलं.

निखिललाही काम दिलं. शर्ट काढ, बाळाला छातीवर उघडं ठेव, वरून शाल घे. ऊब मिळते, पोर ताकद वाचवते. तो दोन्ही दिवस तसाच बसला, ऑफिसची मीटिंगसुद्धा कॅमेरा बंद ठेवून तशीच केली. एकदा साहेबाने काहीतरी विचारलं आणि उत्तरादाखल रेवा जोरात रडली. रडली! पोर रडली म्हणून आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे मीटिंगमध्ये काय समजले देव जाणे.

शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा घर चिडीचूप. मी काटा मांडला, शून्यावर आणला, पुन्हा तपासला. शकुंतलाबाईंनी स्वतःच पोर उघडी केली, टोपडंही काढलं. कमरेला नुसता काळा दोरा उरला होता. मी म्हटलं, "राहू द्या तो." त्या म्हणाल्या, "नको, त्याचंही असेल काहीतरी," आणि दोराही काढला. मग थांबल्या, स्वतःच्या हातांतल्या पाटल्या आणि बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या. म्हटलं, हे कशाला? "चुकून हात टेकला तर?" त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. नंतर आठवून आम्ही किती हसलो, पण तेव्हा कुणी हसलं नाही.

पोर काट्यावर ठेवली. ती हातपाय झाडत होती, आकडे पळत होते, थांबेनात. मग आकडा ठरला.

दोन किलो तीनशे.

"ऐंशी," निखिल म्हणाला, मग पुन्हा म्हणाला, "ऐंशी!" प्राचीने मला मिठी मारली, टाक्यांचा विचार न करता. मी वही काढली, सोमवारचं दोन चारशे लाल शाईने खोडलं आणि शेजारी लिहिलं, चूक माझी. नंतर नवी पोरगी कामाला आली की मी तिला आधी ते पान दाखवायची. शकुंतलाबाईंनी पोर उचलली आणि माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी मी बोलली ना, तुम्हाला काय कळतं," त्या म्हणाल्या. "बोलायला नको होतं."

मी म्हटलं, "सोडा हो ताई." आणि डोळे पुसले, उघड उघड. मग त्या म्हणाल्या, "आता घालू का वाळे?"

"घाला," मी म्हटलं. "काट्यावर सोडून कुठेही घाला."

रेवा आता पहिलीत आहे. दरवर्षी अवरेकाई आली की प्राची तिला घेऊन चामराजपेटेत माझ्याकडे येते, शकुंतलाबाई नागपूरहून फोनवर असतात. गेल्या रविवारी मायलेकी आल्या. पोरीने बसून दाणे दाबले, चार पातेल्यात, चाळीस भिंतीवर. जाताना मी नेहमीसारखा काटा काढला, आता उभं राहायचा. त्या घरात वजनाचा एक नियम होऊन बसला आहे. रेवाने बूट काढले, मोजे काढले, केसांतली पिन काढली, हातातलं खेळण्याचं घड्याळ काढलं, आणि काट्यावर चढली. उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली, पाठीमागे.

मी नर्स आहे, निवृत्त झाले म्हणून काय झालं. म्हटलं, "मूठ उघड."

तिने हळूच उघडली. आत पाच सोललेले दाणे, घामाने ओले.

"हे कशाला गं?"

"आजी म्हणते, माझं वजन जास्त आलं की तुम्हाला खूप आनंद होतो," ती म्हणाली.

प्राची ओरडणार होती, मी तिला हाताने थांबवलं. पोरीची मूठ मी पुन्हा मिटली. मग चष्मा लावला, आकडा नीट बघितला आणि वहीत लिहिला, दाण्यांसकट.